एवढं कोन वाचते?

आज दुपारी बचत गटाच्या काकूंनी तूरडाळीच्या पाकिटाचं फायनल डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. खाली एक ओळ, "पाहा भाऊ, कसं वाटते." मी प्रेसमध्ये एका लग्नपत्रिकेचं प्रूफ घेऊन बसलो होतो. पाकीट पाहिलं आणि डोकं जे सटकलं ते जेवण होऊन गेलं तरी जागेवर नाही. म्हणून लिहितोय. लांब होणार आहे, ज्याला झोप येते त्याने झोपावं.

काय होतं पाकिटावर? एक हिरवंगार शेत, तेही भाताचं. तुरीच्या पाकिटावर धानाची बांधी! त्यात डोक्यावर पदर घेतलेली हसरी बाई, आणि खाली शब्द तीन. शुद्ध. अस्सल. गावरान.

खतम.

मागच्या महिन्यात आम्ही गटाच्या बायांसोबत बसून मॅटर काढलं होतं. तूर कोणत्या गावची. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या मिनी दालमिलवर काढलेली. पॉलिश मारलेलं नाही, म्हणून किराणा दुकानातल्या डाळीसारखी चमकणार नाही, घाबरू नका. शिजवायच्या आधी अर्धा तास भिजवा. वरण घट्ट होतं, पाणी सढळ हाताने घाला. एक एक ओळ बायांनी भांडून ठरवलेली. डिझाइन करणाऱ्या पोराने ती सगळी उडवली आणि काकूंना सांगितलं, "मावशी, लोक वाचत नाहीत. माणसाचं लक्ष आठ सेकंद असतं, गोल्डफिशपेक्षा कमी."

हा आठ सेकंदांचा मासा गेली कित्येक वर्षं मार्केटिंगच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये पोहतो आहे. कोणी मोजलं, कुठे मोजलं, विचारा एकदा. सगळे छताकडे पाहतात.

आणि गंमत अशी की कायद्याने छापावंच लागतं ते तेवढं शिल्लक राहिलं. निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर. म्हणजे त्या पाकिटावर जी काही खरी माहिती आहे ती सरकारच्या धाकाने आलेली. बाकी तीन शब्द तर कोणत्याही डाळीवर, तुपावर, मिरचीपुडीवर चिकटवा, कुठेही बसतात.

मला राहून राहून ते झटका मशीनचं पॉम्प्लेट आठवतंय.

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचे एक दुकानदार. त्यांनी सोलरवरची झटका मशीन, म्हणजे वावराच्या तारेच्या कुंपणात करंट सोडून जनावर हाकलणारी, विकायला ठेवली. बोरच्या जंगलाच्या कडेची गावं म्हटल्यावर तुम्हाला काय सांगायचं. चणा उगवला की डुक्कर, तूर फुलावर आली की रोही म्हणजे नीलगाय, आणि घरचा माणूस रात्रभर वावरात जागलीला. मशीनसोबत तयार पॉम्प्लेटं आली होती. गुळगुळीत आर्ट पेपर, चार रंग, दात विचकलेलं रानडुक्कर, "आता डुकरांची खैर नाही! आजच भेट द्या!" बाजारात वाटली. आर्ट पेपर तेल शोषत नाही, त्यामुळे भजेवाल्याच्याही कामाची नव्हती.

मग ते माझ्याकडे आले. मी म्हटलं, गिऱ्हाईक दुकानात येऊन काय विचारते ते फक्त लिहून ठेवा. त्यांच्या पोराने वहीच भरून आणली. "बैल लागला त मरन का?" "लेकरानं हात लावला त?" "पान्यात चालते का नाई?" "ब्याटरी किती दिवस पुरन?" "घरच्या लाईनवरून डायरेक्ट जोडलं त काय होते?"

तेच प्रश्न घेतले आणि खाली उत्तरं टाकली. झटका सेकंदाला साधारण एक. व्होल्टेज हजारांत, पण इतक्या कमी वेळासाठी की जनावर दचकून मागे सरतं, जीव जात नाही. बॅटरी १२ व्होल्टची. अर्थिंगचा रॉड ओलाव्याच्या जागी खोल ठोका, कारण तारेतला करंट जनावराच्या पायातून जमिनीत आणि जमिनीतून रॉडपर्यंत फिरला तरच झटका बसतो. उन्हाळ्यात रॉडच्या बुडाशी पाणी टाकत जा. सगळ्यात खालची तार फूटभराच्या आत, डुकराच्या नाकाला लागेल अशी. तारेखालचं गवत कापा, नाहीतर करंट गवतातूनच उतरून जातो. आणि शेवटी जाड टायपात, घरच्या लाईनवरून तारेत करंट सोडू नका, त्याने माणूस मरतो आणि तुम्ही जेलात जाता.

पिवळा साधा कागद, दोन्ही बाजू भरलेल्या, अक्षर मोठं, रंग एकच काळा. दुकानदारांनी प्रूफ हातात घेतलं आणि म्हणाले, "भाऊ, एवढं कोन वाचते?"

कोण वाचते ते मी डोळ्याने पाहिलं. बिलाच्या पैशासाठी त्यांच्या दुकानात बसलो होतो, तेव्हा एक म्हातारे काका आले. बंडीच्या खिशातून घडी काढली. पिवळा कागद. घडीवरची अक्षरं घामाने गेलेली, आणि बॉलपेनने दोन ठिकाणी खुणा. अर्थिंगच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे बाकी सारं समजलं. पन माह्यं वावर खडकाळ हाय. रॉड हातभरच जाते. त मंग?"

सांगा आता. या माणसाचं लक्ष आठ सेकंद?

दुकानदारांनी सांगितलं, एकच खोल जात नसेल तर तीन रॉड थोड्या थोड्या अंतरावर ठोका आणि एकमेकांना वायरने जोडा. काकांनी तेही पेन मागून कागदाच्या कडेला लिहून घेतलं. विकत घेतलं की नाही ते मी पाहिलं नाही, मी पैसे घेऊन निघालो. पण रानडुकराचा आर्ट पेपर खिशात घालून आलेला माणूस मी अजून पाहायचा आहे.

"लोक वाचत नाहीत" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. त्यांच्या मनात "लोक" म्हणजे आपण असतो, खेड्यातले. पुण्यामुंबईचा माणूस फ्लॅट घेताना चाळीस पानांचं ब्रोशर वाचेल, आणि आपला माणूस वर्षाचा चणा वाचवायला मशीन घेताना चार शब्दांवर भुलेल, असा हिशोब. अरे, आमच्याकडे पानठेल्यावर पेपर टेंडर नोटिशीसकट वाचला जातो. लग्नपत्रिका घ्या. ओळीनं ओळ वाचतात. निमंत्रकांत कोणाचं नाव कोणाच्या वर गेलं, व्यवस्थापकांत धाकट्या जावयाला का घेतलं, मोठी आत्या कुठे राहिली. एका आत्यापायी पाचशे पत्रिका पुन्हा छापून दिल्यात मी. आणि तुम्ही मला सांगता लोक वाचत नाहीत.

बरं, फ्लेक्सवर चारच शब्द पाहिजेत, मान्य. बसस्टँडवर मोटरसायकलवरून जाणारा माणूस परिच्छेद वाचायला उतरणार नाही. फ्लेक्सवर तालुक्यातल्या सगळ्या नेत्यांचे गोल फोटो लावून मग "मॅटर कुठे बसवू" विचारणाऱ्यांशी माझंही रोज भांडण आहे. आणि गिऱ्हाइकाला जे आधीच माहीत आहे त्याला निबंध कशाला? जुलैत कृषी केंद्रासमोर "युरिया आला" एवढी पाटी लावा, गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागतात. पाच रुपयांच्या बिस्किटाला कोणी अर्थिंग समजावून सांगत नाही. पण जिथे पैसा जास्त आहे, जीव अडकला आहे, वस्तू नवीन आहे, तिथे माणूस शोधून शोधून वाचतो. तो वाचायला तयार आहे, तुमच्याकडे सांगण्यासारखं आहे का ते पाहा आधी.

संध्याकाळी त्या पोराला फोन केला. तो म्हणे, "काका, फोक्सवॅगनची जाहिरात बघा, १९५९ ची, जगात गाजली. 'थिंक स्मॉल'. दोन शब्द." आणि चित्रही पाठवलं. मी चष्मा लावून मोठं करून पाहिलं. पानभर मोकळी जागा, एका कोपऱ्यात इवलीशी गाडी, दोन शब्द. बरोबर आहे. आणि त्या दोन शब्दांखाली तीन कॉलम मजकूर! पेट्रोल किती पिते, ऑइल किती कमी लागतं, टायरचा सेट चाळीस हजार मैल कसा जातो, विमा स्वस्त, दुरुस्ती स्वस्त. सगळं लिहिलंय. आपल्या लोकांनी वरचे दोन शब्द पाठ केले आणि खालचं सोडून दिलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५८ ला, डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरातवाल्याने रोल्स-रॉइससाठी सहाशेच्या आसपास शब्द लिहिले. मथळाच असा की ताशी ६० मैल वेगात या गाडीत सगळ्यात मोठा आवाज येतो तो तिच्यातल्या विजेच्या घड्याळाचा. तो मथळा सापडायच्या आधी तीन आठवडे तो गाडीबद्दल नुसता वाचत बसला होता. आमच्या दुकानदाराच्या पोराने वहीत प्रश्न लिहिले, तेच काम. आपल्याकडे डुक्कर, त्यांच्याकडे रोल्स-रॉइस, एवढाच काय तो फरक.

आता मूळ जखमेवर येतो.

२००२ ला बीटी कापूस आला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेली कपाशी. पिशवीसोबत वेगळी १२० ग्रॅमची पुडी यायची, नॉन-बीटीची. ती वावराच्या कडेने लावायची होती. कशासाठी? कडेच्या साध्या कपाशीवर ज्या अळ्या वाढतील त्या विष न पचवणाऱ्या, त्यांचे पतंग आतल्या विष पचवणाऱ्यांशी जुगले की पुढची पिढी पुन्हा मरण्याजोगी राहते. एवढी साधी गोष्ट. दोन उताऱ्यांत मावते. पिशवीवर काय मोठं होतं? टपोरं फुटलेलं बोंड आणि भरघोस उत्पन्न. ती पुडी धुऱ्यावर फेकलेली किती जणांनी पाहिली ते हात वर करा. "ह्या पुडीत काई दम नाई" म्हणून फेकली. त्याला कोणी दम काय ते सांगितलंच नव्हतं. पुढे बीटीलाही न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने काय केलं ते मी तुम्हाला सांगायला नको. फक्त पुडीपायी अळी आली असं नाही, हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून फरदड घेतली गेली, परवानगी नसलेलं चोरबीटी बियाणंही आलं, कबूल. पण खडकाळ वावराचे ते काका आठवा. त्या माणसाच्या हातात पुडीचं कारण मोठ्या अक्षरात दिलं असतं तर त्याने खूण करून ठेवली नसती?

आणि २०१७. शेजारचा यवतमाळ जिल्हा. कपाशीवर फवारणी करता करता विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. औषधाच्या डब्यासोबत माहितीपत्रक असतं, तुम्ही उघडून पाहिलंय कधी? घड्यांवर घड्या, मुंगीएवढं अक्षर, आणि भाषा अशी की कोर्टात वाचून दाखवायला लिहिलेली. मजकूर लांबच्या लांब आहे की! डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, हे साऱ्या गावाला तोंडपाठ असायला पाहिजे होतं. पण ते पत्रक शेतकऱ्याने वाचावं म्हणून छापलेलंच नसतं, उद्या काही झालं तर "आम्ही सांगितलं होतं" म्हणायला छापलेलं असतं. मग कोणीतरी म्हणतो, बघा, दिलं होतं, लोक वाचत नाहीत. वा रे वा. तेच पिवळ्या कागदावर मोठ्या टायपात, वाऱ्याच्या दिशेने फवारा, उपाशीपोटी फवारू नका, अंगावर पडलं तर कपडे काढून साबणाने धुवा, असं दिलं असतं तर?

इथे हात थरथरतो म्हणून जरा उठून पाणी पिऊन आलो.

त्या पोरावर जास्त भडकलो मी फोनवर. तो आमच्या इकडच्या तळेगावचाच आहे, बाप शेती करतो, पुण्यात नोकरी करून परत आला. ऐकून घेतलं बिचाऱ्याने. मग म्हणाला, "काका, मला पाकिटाचे पैसे मिळतात, शब्दांचे नाही. आणि अर्ध्या किलोच्या पाकिटावर तुमचं सगळं मॅटर घेतलं तर अक्षर औषधाच्या पत्रकाएवढंच होईल." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे म्हणाला, पाकिटावर एकच ओळ घेऊ, "पॉलिश नाही म्हणून चमकत नाही", आणि बाकीचं आत चिठ्ठीवर टाकू, बाई डाळ डब्यात ओतताना चिठ्ठी हातात येईलच. कल्पना चांगली आहे. त्याची आहे, हे लिहायला जिवावर येतंय.

रात्री काकूंना फोन करून चिठ्ठीचं मॅटर पक्कं केलं. एका ओळीवर गटात दोन तट पडले. काकूंना लिहायचं आहे, "एखाददुसरं टरफल निघेल, निवडून घ्या." खजिनदार ताई म्हणतात आपल्या मालाचं उणं आपणच कायले सांगायचं. काकू म्हणाल्या, "टरफल निघालं त बाई मलेच फोन करन ना? मंग आधीच लिहून टाक भाऊ, माहा फोन तरी वाचन." ती ओळ मी सगळ्यात वर घेतली आहे. खजिनदार ताईंचा फोन उद्या सकाळी येणार, हे धरून चाललोय. कागद पिवळाच घेतोय, स्वस्त पडतो.