नास्तिक म्हणजे नेमकं काय ‘नाही’ म्हणणारा?

नास्तिकांवरचा लेख आवडला, पण त्यातलं ‘नास्तिक हा शब्द इंग्रजी शिक्षणाबरोबर रूढ झाला’ हे वाक्य काही पटलं नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायी या प्राचीन संस्कृत व्याकरणग्रंथात ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (४.४.६०) हे सूत्रच आहे. ‘काशिका’ या अष्टाध्यायीवरच्या जुन्या टीकेच्या लेखकांनी त्यावर स्पष्ट सांगितलंय की ‘परलोक आहे’ असं मानतो तो आस्तिक, ‘नाही’ म्हणतो तो नास्तिक. तिथे देवाचा पत्ताच नाही! पुढे मनुस्मृतीत (२.११) ‘नास्तिको वेदनिन्दकः’ आलं आणि कसोटी वेदांवर गेली. म्हणून वेद न मानणारे जैन आणि बौद्ध नास्तिकांच्या रांगेत बसले. खरं तर परलोक दोघेही मानतात, म्हणजे पाणिनीच्या हिशेबाने आस्तिकच. उलट यज्ञाला सर्वस्व मानणारे, पण जग निर्माण करणारा ईश्वर नाकारणारे मीमांसा दर्शनाचे लोक वेद मानतात, म्हणून मात्र पक्के आस्तिक. ईश्वर न मानणाऱ्या सांख्य दर्शनवाल्यांचंही तेच. परलोक आणि वेद दोन्ही नाकारणारा चार्वाक तेवढा दोन्हीकडून नापास.

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत व्याख्या आणखी सोपी आहे: गणपतीची वर्गणी देत नाही तो नास्तिक. कमिटीच्या वहीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या नावापुढे लाल पेनाने तसं लिहिलेलंच आहे. हेच काका पितृपक्षात वडिलांचं श्राद्ध अगदी साग्रसंगीत करतात, कावळा शिवेपर्यंत गच्चीवरून हलत नाहीत. आता यांना कुठल्या खान्यात टाकायचं?

फक्त देव नाकारणाऱ्यासाठी ‘निरीश्वरवादी’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. लेखकाने शीर्षकात ‘नास्तिक’ऐवजी तोच वापरायला हवा होता. जीभ थोडी अडखळते, एवढंच.