पन्हाळ्यावरचे निर्बंध युनेस्कोने आणलेले नाहीत

नमस्कार 'एक पन्हाळकर',

प्रतिक्रिया झोंबणारी आहे, आणि तशीच ठेवतोय. तुमचं म्हणणं असं की मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले म्हणून शहरातल्यांनी पेढे वाटायचे, आणि गडावर राहणाऱ्याला घराचं कौल बदलायचीही चोरी. त्यापेक्षा पन्हाळ्याचं नाव यादीतून काढा.

चोरी आहेच. पण ती ११ जुलै २०२५ला पॅरिसमध्ये ही नोंद झाली तेव्हा सुरू झाली नाही. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर नवं बांधकाम बंद आणि पुढचे २०० मीटर परवानगीनेच, हे आपल्याच १९५८च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली घातलं गेलं. पन्हाळ्यावर तीन दरवाजा, अंबरखाना, अंधारबाव, सज्जाकोठी ही स्मारकं एकाच गडावर विखुरलेली. प्रत्येकाभोवती तेवढं वर्तुळ काढलं तर मोकळं गाव उरतं किती? डागडुजीला कायद्याची ना नाही, पण परवानगीचे हेलपाटे कौलापेक्षा महाग पडतात. हा राग दिल्लीवर काढा, माझी साथ आहे.

नाव काढायच्या मागणीला मात्र माझा विरोध. ही नोंद युनेस्कोच्या चौथ्या आणि सहाव्या निकषावर झाली आहे. सहावा निकष नुसत्या तटबुरुजांचा नाही, त्या जागेशी जोडलेल्या घटना, श्रद्धा आणि जिवंत परंपरांचा आहे. म्हणजे गडावरचा माणूस हा वारशाचाच भाग, हे भारत सरकारने जगापुढे कबूल केलंय. उद्या कुणी 'वस्ती हलवा' म्हणालं तर हाच कागद पुढे करायचा!

सिंधुदुर्ग बघा. तिथलं शिवराजेश्वराचं मंदिर राजाराम महाराजांच्या काळातलं. पावसाळ्यात मालवणहून पर्यटकांच्या होड्या बंद होतात, म्हणून तिथली शिवाजी महाराजांची पूजा थांबत नाही, कारण किल्ल्यात घरं आहेत. ती उठवली तर आपल्या हाती नुसता तट राहील. खांदेरी किल्ल्यावरच्या वेताळाला कोळी बांधवच जातात, पुरातत्त्व खातं नव्हे. (आणि हो, रूढी-परंपरांची युनेस्कोची यादी वेगळी असते. तिच्यात २०१७ साली कुंभमेळा गेला, त्यात आपलं नाशिक आहे.)

एक काम तुमच्या हातात आहे. त्याच २०१०च्या दुरुस्तीप्रमाणे प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी, म्हणजे त्याच्याभोवतीच्या बांधकामाचे नियम, करायचे असतात, आणि मसुद्यावर लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. तुमच्या नगरपरिषदेला तो मसुदा नकाशासकट, मराठीतून, फलकावर लावायला लावा. हरकत लिहायला बसाल तेव्हा मलाही कळवा.