नाक झोपतं, कान जागा असतो

स्मोक अलार्मविरुद्धचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचा सूर असा: धुराच्या वासाने माणूस जागा होतोच, मग हा खर्च कशाला? त्या डबीत किरणोत्सर्गी पदार्थ असतो. लावलाच असेल तर दिवा लुकलुकतोय ना, झालं. आणि स्वयंपाक करताना बोंबलला तर बॅटरी काढून ठेवा.

यातलं घातक वाक्य पहिलंच. गाढ झोपेत वासाने जाग येत नाही, आवाजाने येते. वर धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःचा वास नसतो आणि तो माणसाला गुंगी आणतो. वास येऊन उठू म्हणणारा उठतच नाही. अलार्मचा आवाज 3 मीटरवर 85 डेसिबल असतो तो याचसाठी. लहान मुलं मात्र त्यानेही कधीकधी उठत नाहीत, म्हणून मोठ्यांच्या खोलीतही अलार्म हवाच.

किरणोत्सर्गाची गोष्ट अर्धी खरी आहे. आयनीकरण प्रकारच्या, म्हणजे हवेतल्या कणांना विद्युतभार देऊन धूर ओळखणाऱ्या अलार्ममध्ये अमेरिसियम-241 हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य असतं, पण ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. त्यातून निघणारे किरणोत्सर्गी अल्फा कण काही सेंटिमीटर हवेतच अडतात. डबी फोडू नका म्हणजे झालं. तरीही धास्ती वाटत असेल तर फोटोइलेक्ट्रिक घ्या. त्यात प्रकाशाचा झोत असतो, धूर शिरला की प्रकाश विखुरतो आणि अलार्म वाजतो. पेटत्या ज्वाळा आयनीकरणवाला जरा लवकर ओळखतो, पण गादी-सोफा धुमसत असेल तर फोटोइलेक्ट्रिक सरस. झोपायच्या खोलीसाठी मी तोच निवडेन.

दिव्याचं म्हणाल, तर वीज पोचतेय एवढंच तो सांगतो. आमच्या पॅसेजमधला अलार्म मी एकदा खाली उतरवला. मागच्या छापील तारखेला 12 वर्षं उलटलेली, जाळीत धूळ आणि कोळ्याचं जळमट. दिवा मात्र इमानेइतबारे लुकलुकत होता! महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबायचं, अधूनमधून व्हॅक्यूमने धूळ ओढून घ्यायची आणि 10 वर्षांनी अख्खा अलार्म बदलायचा.

स्वयंपाकघराजवळ बोंबलतो, कारण लावलाय चुकीच्या जागी. शेगडीपासून किमान 3 मीटर लांब, शक्यतो छताच्या मधोमध लावा.

राहिली पहाटे अलार्ममधून येणारी चुकचुक. गारव्याने बॅटरीचं व्होल्टेज उतरतं, म्हणून संपत आलेली बॅटरी नेमकी साखरझोपेत कुरकुरते. चडफडत का होईना, स्टूल घेऊन चढा आणि जुनी काढाल त्याच वेळी नवी बसवूनच खाली उतरा.