पेटीच्या तीन किल्ल्या

मागच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर लाडकी बहीण योजनेवरून परत जुंपली. आतेभावाने लिहिलं की महिन्याला 1500 रुपये फुकट मिळायला लागल्यापासून खुरपायला बाई मिळत नाही, बायका आळशी झाल्यात. खाली लगेच पाच-सहा अंगठे. मी टांझानियात डोडोमाला राहते, सूर्यफुलाच्या तेलाच्या मिलमध्ये हिशोब बघते, बी खरेदीच्या सीझनला तीन-चार महिने खेड्यांतून फिरणं होतं. ग्रुपवर तेव्हा गप्प बसले, पण ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथे लिहितेय.

डोडोमाचा भाग म्हणजे आपला मराठवाडाच समजा. पाऊस डिसेंबर ते मार्च-एप्रिल, पुढे सगळं कोरडं. ऑगस्टनंतर नद्यांत नुसती वाळू उरते आणि बायका पहाटे उठून त्या वाळूत झिरे खणतात, पाझरून आलेलं पाणी वाटी वाटीने भरत बसतात आणि 20 लिटरची बादली डोक्यावर घेऊन घरी येतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आजीच आठवली, दुष्काळात मांजरेच्या वाळूत तीही असंच पाणी भरायची. पाणी झालं की सरपण, मग शेत, मग घरी येऊन मक्याच्या पिठाचा उगाली घोटायचा, त्यात पाठीला लेकरू बांधलेलं. यातल्या एका तासाची तरी मजुरी कोणी दिलीय का तिला? म्हणून तो फुकट शब्द मला टोचतो.

इथलं सरकारही गरीब घरांना पैसे देतं, टासाफ म्हणतात त्याला, 2012 पासून ही मदत चालू आहे आणि पैसे घेणाऱ्यांत जास्त करून बायकाच. रक्कम काही मोठी नसते. बऱ्याच घरांना लहान पोरांना दवाखान्यात दाखवायचं, मोठ्यांना शाळेत पाठवायचं अशी अट असते. पैसे वाया जातात असं बोलणारे पुरुष इथेही भेटतात, अगदी आतेभावाच्याच सुरात. मी ज्या घरांत गेले तिथे त्या पैशाच्या कोंबड्या झालेल्या दिसल्या, वह्या आल्या होत्या, एका ठिकाणी गवताच्या जागी पत्रा आला होता.

पण मला खरं सांगायचंय ते विकोबाबद्दल. हे इथले बचत गट. वीस-पंचवीस बायका दर आठवड्याला झाडाखाली जमतात, कांगा म्हणजे अंगावर गुंडाळायचं कापड, त्याच्या टोकाची गाठ सोडून पैसे काढतात (आपल्या पदराच्या गाठीसारखीच) आणि गटात आपापले शेअर घेतात. शेअरला हिसा म्हणतात, आपला हिस्साच तो. पैसे लोखंडी पेटीत, पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे आणि पेटी चौथीच्या घरी. मोजणं सगळ्यांच्या समोर. नवरा घरी कितीही ओरडला तरी कोणतीही बाई पेटी एकटी उघडूच शकत नाही, म्हणजे नाही म्हणायचं ओझंसुद्धा तिच्या एकटीवर येत नाही. मला हे फार हुशारीचं वाटतं.

पोरींचं मात्र अवघड आहे. इथल्या 1971 च्या कायद्यात आईबापांच्या संमतीने पंधराव्या वर्षी मुलीचं लग्न चालतं. रेबेका ग्युमी या तरुण वकील बाईंनी कोर्टात दाद मागितली, 2016 ला जिंकल्या, 2019 ला वरच्या कोर्टानेही तेच धरलं. कायदा बदलायला एक वर्ष दिलं होतं, ते वर्ष नुसतं उलटून गेलं. दर 10 मधल्या साधारण 3 मुलींचं लग्न अठराच्या आत होतं. आणि हे वाचून बिचारी आफ्रिका म्हणू नका कृपा करून, कारण 2019-21 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्राचाही आकडा 22 टक्क्यांच्या आसपास आहे, तोही एवढ्या शाळा, रस्ते, एसटी असताना. इथे माध्यमिक शाळा कुठल्याकुठे लांब, वाटेत लिफ्ट देणारा बोडाबोडावाला (भाड्याची मोटरसायकल चालवणारा) त्याची किंमत मागतो, आणि दिवस गेले की शाळा बंद. 2017 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मागुफुली भाषणात जाहीर म्हणाले होते की अशा मुलींना परत घेणार नाही. त्यांच्या जागी सामिया सुलुहू हसन आल्या आणि 2021 च्या नोव्हेंबरात ही बंदी उठली. आम्ही जिच्याकडून सूर्यफुलाचं बी घेतो त्या एका बाईची लेक अशीच परत गेली शाळेत. बाळ आजी सांभाळते, युनिफॉर्म विकोबाच्या कर्जातून. सरकारने दार उघडलं ते महत्त्वाचंच, पण उंबऱ्यापर्यंत जायला पैसे त्या झाडाखालच्या पेटीतून आले.

तीच बाई मला एकदा विचारत होती, तुमच्याकडे सरकार बायकांना पैसे देतं म्हणे, मग किल्ली कोणाकडे असते? मी पटकन म्हणाले बँकेत जातात, बाईच्याच खात्यात. नंतर रात्री आत्याला फोन केला तेव्हा कळलं की तिच्या खात्याला नंबर आतेभावाचा आहे, मेसेज त्याला येतो, एटीएम कार्डही त्याच्याच पाकिटात. खुरपायला बाई मिळत नाही म्हणणारा तोच. आत्याचं म्हणणं, मला कुठं कळतंय त्यातलं. डिसेंबरात मी येतेय, पहिल्या दिवशी तिला घेऊन बँकेत जाणार आहे, साधा बटणाचा फोन आणि सिम आधीच सांगून ठेवलंय.