क्लिफ्टनचा झुलता पूल, आपली मांडवी आणि तो फिरणारा फॉरवर्ड

गोव्यात मांडवी नदीवरच्या पुलांचा विषय निघाला की एक फॉरवर्ड हमखास येतो, तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. फोटो इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या क्लिफ्टन झुलत्या पुलाचा, आणि खाली मजकूर असा की ब्रुनेल नावाच्या एकट्या इंजिनिअरने हा पूल बांधला, 1864 पासून एक खिळा न बदलता उभा आहे, आपला मांडवीचा पूल मात्र 1986 ला पडला, आणि पणजीचा अटल सेतू (मांडवीवरचा नवा पूल, मुंबईचा नव्हे) म्हणजे ह्याचीच नक्कल. पूल देखणा आहे, त्याबद्दल वाद नाही. मजकुराबद्दल आहे.

पहिलं, "एकट्या ब्रुनेलने बांधला". ह्या पुलाची कथा ऐकली तर आपल्याकडची रखडलेली कामं बरी वाटतील! 1829 मध्ये डिझाइनची स्पर्धा लावली, परीक्षक म्हणून थॉमस टेलफर्ड ह्या नावाजलेल्या इंजिनिअरला बोलावलं, त्याने सगळ्यांची डिझाइन्स नापास केली आणि स्वतःचंच पुढे केलं. (टेंडर कमिटी जगात कुठेही जा, तशीच.) मग पुन्हा स्पर्धा, त्यात ब्रुनेल जिंकला, 1831 मध्ये, वय 24. काम सुरू होतंय तोवर त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये दंगली, काम ठप्प. 1836 ला परत सुरू, 1843 ला पैसे संपले, नदीच्या दोन्ही काठांवर नुसते दोन बुरूज उभे आणि मध्ये काही नाही, साखळ्यांसाठी आणलेलं लोखंड दुसऱ्या पुलाला विकून टाकलं. ब्रुनेल 1859 ला गेला, त्याने हा पूल पुरा झालेला पाहिलाच नाही. नंतर हॉकशॉ आणि बार्लो ह्या दोन इंजिनिअरांनी त्याच्या आठवणीसाठी म्हणून काम हातात घेतलं, डिझाइन बदललं, दोन्ही बाजूंना दोन-दोनच्या जागी तीन-तीन साखळ्या घातल्या, आणि त्या साखळ्या बऱ्याचशा लंडनच्या हंगरफर्ड पुलाच्या, तो पाडला होता म्हणून सेकंडहँड मिळाल्या. गंमत म्हणजे तो पूलही ब्रुनेलचाच. डिसेंबर 1864 ला उद्घाटन.

ह्याच्या उलटाही एक फॉरवर्ड आहे, की खरं डिझाइन सारा गपी नावाच्या बाईचं आणि ब्रुनेलने ढापलं. बाई हुशार होती, पुलांसाठी 1811 चं तिचं पेटंट आहे, पण ते पाइलिंगच्या, म्हणजे तळात खांब ठोकून केलेल्या, पायावरच्या पुलाचं, आणि क्लिफ्टनला नदीत पाय टाकायची वेळच आली नाही, बुरूज वर कड्यावर आहेत. तेव्हा ते पण सोडा.

खरं तर त्या फोटोत दिसतं त्याहून जास्त मजा न दिसणाऱ्या गोष्टींत आहे. हे बुरूज असे ओबडधोबड, उघड्या दगडाचे दिसतात ना, ते तसे ठेवायचेच नव्हते, ब्रुनेलला इजिप्शियन थाट हवा होता, वर स्फिंक्स, बाहेरून बिडाच्या पत्र्यांवर चित्रं. पैशाअभावी काहीच झालं नाही आणि आज लोक त्याच साधेपणाचं कौतुक करतात. दोन्ही बुरूज सारखेही नाहीत, नीट पाहिलं तर क्लिफ्टनच्या बाजूच्या बुरुजाला कडेला आरपार खिडक्यांसारखी भोकं आहेत, पलीकडच्याला नाहीत. तो पलीकडचा, ली वुड्सच्या बाजूचा बुरूज ज्या लाल दगडी चौथऱ्यावर उभा आहे तो आतून भरीव आहे असंच सगळे धरून चालले होते, आणि 2002 मध्ये कळलं की आत 12 कमानदार दालनं आहेत, काही 11 मीटर उंच, छताला चुनखडीचे लोंबते सुळे तयार झालेले. शंभरावर वर्षं वरून वाहतूक चालू आणि खाली काय आहे पत्ताच नाही!

आता "नक्कल". क्लिफ्टनला साखळी बुरुजावरून जाते, दोन्हीकडे कड्यात खोल गाडलेली, आणि तिला उभ्या दांड्यांनी रस्ता टांगलाय. अटल सेतूला आणि नव्या झुआरी पुलाला तसं काही नाही, तिथे खांबावरून तिरक्या केबल थेट रस्त्यालाच धरतात, म्हणजे केबल स्टेड, वेगळाच प्रकार. आणि पणजीला क्लिफ्टनसारखा पूल करायचा तर साखळ्या गाडणार कुठे? तिथे एव्हन नदीच्या दरीत दोन्हीकडे चुनखडीचे सरळसोट कडे आहेत, 214 मीटरचं अंतर, रस्ता भरतीच्या पाण्यापासून साधारण 75 मीटर उंच कारण खालून बंदरात जहाजं जायची. आपल्याकडे एका बाजूला बेती, दुसरीकडे पाटो, सगळं पाण्याच्या लेव्हलला, नदी रुंद, खालून बार्ज. दरीच नाही तर दरीवरचा पूल कसा आणणार?

"आपला पडला". हो, 5 जुलै 1986 ला पडला, नाकारून काय करणार, त्यानंतर परत फेरीवर आलो. पण तो प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा, म्हणजे आत ताणलेल्या पोलादी तारा असलेल्या काँक्रीटचा होता, त्याची तुलना लोखंडी साखळ्यांच्या पुलाशी कशी होते ते मला समजलं नाही. आणि जुनं टिकलेलं बघायचं तर ब्रिस्टलला कशाला जाता, पणजी ते रायबंदर रस्ता घ्या, 1633-34 चा, चिऱ्यांचा, खाली कमानी, आजही त्यावरून रोज गाड्या जातात. झुलत्या पुलांवर इतकाच विश्वास असेल तर गुजरातमधला मोरबीचा झुलता पूल आठवा, ऑक्टोबर 2022 ला पडलेला, तोही 19व्या शतकातलाच होता.

राहिलं "एक खिळा न बदलता". 2009 मध्ये एका दांड्याला तडा गेला, पूल रात्रभर बंद ठेवून दुरुस्त केला. 2003 ला उत्सवाच्या गर्दीचा भार इतका झाला की पुढच्या वर्षीपासून त्या दिवसांत पूल चालणाऱ्यांनासुद्धा बंद करायचं ठरलं. आपल्याकडे अटल सेतूवर दुचाकी सोडत नाहीत म्हणून केवढा आरडाओरडा, तिथे तर 4 टनांच्या वरची गाडीच नाही, आणि कारला टोल, त्याच टोलमधून देखभाल चालते. म्हणजे आपली कदंबाची (गोव्याची सरकारी) बस त्या पुलावर चढलीच नसती. पर्वरीहून सकाळी पणजीला ऑफिसात यायचं कसं, ते फॉरवर्डवाल्यानेच सांगावं.