स्टील, की स्टीलचा रंग?

आमच्या फ्रिजच्या दारावर सध्या कॅलेंडर आहे. तारखा बघायला हॉलमध्ये दुसरं आहे. हे झाकण आहे. त्याखाली काय आहे ते पाहुण्यांना कळू द्यायचं नाही, असं घरात ठरलंय. ठरवलं बायकोने, पाळतोय मी.

मे महिना, धुळ्याचं ऊन, रात्री गच्चीवर झोपायचं म्हणून खाट वर नेत होतो. जिन्याशी वळताना खाटेचा पाय फ्रिजला घासला आणि दारावर वीतभर ओरखडा उमटला. फ्रिज तीन महिन्यांचा. कंपनीला फोन लावला तर पलीकडून अतिशय गोड आवाजात उत्तर आलं, "सर, कॉस्मेटिक डॅमेज वॉरंटीत येत नाही." मग काय येतं, हे विचारायचं राहून गेलं. दार बदलायचा आकडा असा सांगितला की दार घेतलं तर बाकीचा फ्रिज फुकट देत असावेत.

तरी मी घाबरलो नाही, कारण त्याच आठवड्यात मी शेगडी जिंकली होती. गॅसच्या शेगडीवर तारेच्या घासणीने गोल गोल घासून कोणीतरी (नाव घेत नाही, घरात राहायचंय) चरे पाडले होते. स्टीलच्या पत्र्याला बारीक समांतर रेघा असतात, घासायचं ते त्या रेघांच्या दिशेनेच, आडवं नाही की गोल नाही. आधी 600 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात बुडवून, मग हिरवी घासणी, शेवटी फडक्यावर तेलाचा एक थेंब. शेगडी झकास झाली. मी दिवसभर येता-जाता तिच्यात तोंड पाहत होतो.

पेपर संपला होता म्हणून आग्रा रोडला हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथे एक बाबा बसले होते. पांढरी टोपी, धोतर, मांडीवर पिशवी, पिशवीत बोअरच्या मोटरीचा जुना फूटव्हॉल्व. दुकानदार आत नवा शोधत होता आणि बाबांना वेळ होता. वेळ असलेला माणूस फार वाईट.

"कसाले लागस पॉलिश पेपर?"

"फ्रिजला."

"फ्रिजले?" बाबांनी टोपी मागे सारली. "फ्रिजले काय गंज चढना का?"

मी ओरखडा सांगितला. बाबांनी आधी खाटेची चौकशी केली. खाट कशाची, सागाची की बाभळीची, सुंभाची की पट्टीची, पाय किती जाड. मग म्हणाले, "नख लाई देखं का? नख अटकनं त मंग काही उपाय नही." नख अडकत होतं. पण हे मी त्यांना का सांगावं?

"मी काय म्हनस भाऊ, ते स्टील शे का स्टीलना रंग शे?"

"स्टीलच आहे."

"चुंबक लाईसन देखं का?"

इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हणालो, बाबा, चुंबक चिकटला म्हणजे खोटं स्टील, हा बाजारातला गैरसमज आहे. 304 नंबरच्या स्टेनलेसला चिकटत नाही, कारण त्यात 8 टक्क्यांच्या आसपास निकेल. 430 नंबरात निकेल जवळजवळ नसतं, त्याला चिकटतो, तरी ते अस्सल स्टेनलेसच. निदान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की त्याचा एक अदृश्य पापुद्रा तयार होतो, चरा पडला तरी हवेने पुन्हा धरतो. आणि 1913 साली इंग्लंडमध्ये शेफिल्डला हॅरी ब्रेअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळीसाठी पोलाद शोधत होता...

"त्यानी बनाडा का हाऊ फ्रिज?"

दुकानातला पोऱ्या हसला. गिऱ्हाईकही हसलं. ते तर पत्र्याचे खिळे घ्यायला आलं होतं, त्याचा काय संबंध?

मग कळलं, बाबा सोनगीरचे. म्हणजे तांब्यापितळेच्या भांड्यांचं गाव. बाबा स्वतः कापूस लावणारे, पण सोनगीरचा माणूस धातूवर बोलायचा हक्क जन्मतःच घेऊन येतो. "आमना घरमा भांडासवर बठ्ठास्ना नावे शेत," म्हणाले. "टोचीसन लिखेल. कोन रडस त्याले?"

हे मात्र लागलं. आमच्या लग्नातला एक स्टीलचा डबा आहे, त्यावर आत्याबाईंचं, मामंजींचं, गावाचं नाव आणि तारीख, सगळं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. तो नाव टाकणारा मांडवाच्या कोपऱ्यात बसून टकटक करत होता आणि आम्ही त्याला वर पैसे दिले होते. अख्ख्या डब्याला चाळण केली तरी आनंदच. आणि या दारावरची एक रेघ? पण आत्याबाईंनी फ्रिज दिला नव्हता. हप्ते मी भरतोय, अजून नऊ आहेत.

घरी आलो. पेपर भिजवला. रेघांच्या दिशेने, अगदी शास्त्रशुद्ध, हलक्या हाताने घासायला लागलो. चारपाच फेऱ्यांतच फडकं करडं झालं. मळ निघतोय म्हणून जोर वाढवला. मग रेघाच निघाल्या. त्या छापलेल्या होत्या. त्यांच्या खालून फिकट, मेलेला, शाळेच्या कपाटासारखा रंग वर आला, तळहाताएवढा. बायको मागे उभी होती. "अहो, रंग उडाला की!" एवढंच म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली तो सुर मला अजून ऐकू येतो.

मग फ्रिजचं खोकं माळ्यावरून काढून वाचलं. कुठेही 'स्टेनलेस स्टील' नाही. 'स्टील फिनिश' आहे. फिनिश! दुकानात त्या पोराने मला तीनदा "सर, स्टील" म्हणून सांगितलं होतं, दारावर टकटक वाजवून दाखवलं होतं. रंगवलेल्या पत्र्याला रेघा छापायच्या, स्टील म्हणून मिरवायचं आणि ओरखडा पडला की कॉस्मेटिक म्हणायचं. रेघा छापल्या नसत्या तर मी घासलं असतं का? याला फसवणूक म्हणत नाहीत, फिनिश म्हणतात.

चार दिवसांनी गुपचूप त्याच दुकानात गेलो, चंदेरी रंगाची छोटी डबी घ्यायला. बाबा तिथेच. फूटव्हॉल्वचं माप चुकलं होतं, बदलायला आले होते. मी दुकानदाराला हळूच सांगितलं, त्याने मोठ्याने ओरडून आत सांगितलं, "सिल्व्हर रंग आण रे, छोटा!"

बाबांनी डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

"भाऊ," म्हणाले, "बरस लिधा का?"

ब्रश घेतला नव्हता.