पाचशेत व्हिडिओ गेम जिवंत? आधी ॲडाप्टरची मधली पिन तपासा

इंदूरमधल्या मराठी घरांत, सुदामानगरपासून रामबागेपर्यंत, सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम पाचशे रुपयांत जिवंत होतो. ९ व्होल्टचा कुठलाही ॲडाप्टर लावा. कॅसेट लागत नसेल तर जोरात फुंकर मारा. सीडी वाचत नसेल तर लेन्सजवळचा स्क्रू फिरवा. लाल दिवे आले तर बोर्ड ओव्हनमध्ये भाजा. तरीही नाही झालं तर चिप गेली समजा आणि भंगारात द्या.

पाचशेचा आकडा खोटा नाही. जुनी कन्सोलं बऱ्याचदा दहा-वीस रुपयांच्या भागावाचून अडलेली असतात. गडबड बाकीच्या सगळ्यात आहे.

‘९ व्होल्टचा कुठलाही ॲडाप्टर.’ सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. जेल रोडवर ‘नौ व्होल्ट का अडाप्टर’ मागितलात तर वाय-फाय राउटरचा हातात पडण्याची शक्यता दांडगी: ९ व्होल्ट, ०.६ ॲम्पिअर, मधली पिन प्लस. मूळ फॅमिकॉमला (निन्टेन्डोची जपानी कन्सोल) लागतो १० व्होल्ट, ८५० मिलिॲम्पिअर आणि मधली पिन मायनस. नव्वदीत आपल्याकडे घरोघरी असलेल्या तिच्या नकलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. सेगा मेगा ड्राइव्हची तर आणखी गंमत: पहिल्या मॉडेलला मधली पिन मायनस, दुसऱ्याला प्लस. अमेरिकेहून आलेल्या निन्टेन्डो एनईएसचा (फॅमिकॉमचाच तिकडचा अवतार) ॲडाप्टर डीसी देतच नाही, ९ व्होल्ट एसी देतो. एनईएसच्या आत एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर असल्याने तिला तो चालतो, फॅमिकॉमला लावलात तर ती गेली. शिवाय तो १२० व्होल्टचा, आपल्या २३० वर थेट लावायचा नाही. अशा वेळी जड कन्व्हर्टर घेण्यापेक्षा तेच आउटपुट देणारा २३० व्होल्टचा ॲडाप्टर शोधणं स्वस्त पडतं.

छापील खूण पुसली असेल तर मल्टिमीटर सांगतो. कन्सोल उघडा, वीज लावू नका. हीटसिंकला (उष्णता घालवणाऱ्या पत्र्याला) कसलेला, ५ व्होल्ट करून देणारा तीन पायांचा ७८०५ रेग्युलेटर शोधा. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा ५ व्होल्ट. मीटर बीपवर ठेवून एक टोक मधल्या पायाला आणि दुसरं सॉकेटच्या आतल्या पिनेला लावा. बीप आला तर मधली पिन मायनस. बाहेरच्या कड्याला बीप आला तर मधली प्लस. कुठेच बीप नसेल तर मध्ये डायोड किंवा ब्रिज आहे, तो आधी ओळखा.

व्होल्टही वाढवून चालत नाहीत. ७८०५ ला साधारण ७ व्होल्ट पुरतात, वरचं सगळं उष्णतेत जातं. ०.७ ॲम्पिअरला ९ व्होल्टवर २.८ वॅट जळतात, १२ वर ४.९. आउटपुट ४.८ ते ५.२ च्या बाहेर असेल तर रेग्युलेटर बदला, महाराणी रोडवर दहा-वीस रुपयांत मिळेल. हीटसिंकवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा. आणि ट्रान्सफॉर्मरचा जुना ९ व्होल्टचा ॲडाप्टर मोकळा मोजला की १३ दाखवतो, तो बिघाड नव्हे. लोड आला की उतरतो.

‘फुंकर मारा.’ फुंकरीने कॅसेट लागते असं वाटतं, कारण ती काढून पुन्हा बसवली की संपर्क सरकतो. फुंकर फक्त ओल घालते, आणि माळव्याच्या पावसाळ्यात तांब्यावर हिरवं चढायला तेवढं पुरे. कॉटन बडवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, पिना उभ्या दिशेने पुसा, बड काळा यायचा थांबेपर्यंत. चिवट डागावर मऊ खोडरबर हलक्या हाताने. निन्टेन्डोच्या बऱ्याच कॅसेटींना ३.८ मिलिमीटरचा गेमबिट (खास स्क्रू-ड्रायव्हर) लागतो, एनईएसनंतरच्या काही कन्सोलांना ४.५ चा.

‘लेन्सचा स्क्रू फिरवा.’ हा स्क्रू म्हणजे ट्रिमर, तो फिरवला की लेझरचा करंट वाढतो. दोन आठवडे डिस्क चालतात, मग डायोड कायमचा बसतो. प्लेस्टेशन २ मध्ये आधी लेन्स पुसा, मग लेन्स ज्यावर सरकते त्या स्लेडच्या दांड्यांवरचं मेणासारखं झालेलं जुनं ग्रीस काढून पांढऱ्या लिथियम ग्रीसचा अगदी पुसटसा थर द्या. खालून निळी दिसणारी सीडी आणि चंदेरी डीव्हीडी दोन्ही लावून बघा. एकच प्रकार चालत असेल तर लेझर थकलाय. नव्या लेन्सवर स्थिर विजेपासून बचावासाठी डागाचा (सोल्डरचा) छोटा ठिपका असू शकतो. रिबन (चपटी केबल) जोडल्यावर तो काढायचा राहिला, तर नवी लेन्सही ‘बंद’च दिसते.

‘ओव्हनमध्ये भाजा.’ नको. एक्सबॉक्स ३६० चे दिवे आधी मोजा: चारही लाल म्हणजे एव्ही केबल नीट बसलेली नाही, दोन म्हणजे यंत्र तापलंय, तीन म्हणजे हार्डवेअरचा बिघाड. या बिघाडांपायी मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली होती. बोर्डावरचं बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांना वितळतो, पण खरी चीर बहुतेकदा ग्राफिक्स चिपच्या आतल्या सूक्ष्म जोडांत असते. भाजल्याने ते काही दिवस टेकतात, इतकंच. तोवर कपॅसिटर फुगतात, आणि त्या ओव्हनमध्ये पुन्हा केक करू नये.

‘चिप गेली.’ गेम सेव्ह होत नसेल तर बहुधा कॅसेटीतला सीआर२०३२ सेल संपलाय. पत्र्या लावलेलाच सेल घ्या, थेट सेलवर सोल्डर करू नका, आणि तो काढताच जुने सेव्ह पुसले जातात हे धरून चाला. पहिल्या एक्सबॉक्समध्ये (१.६ सोडून बाकी आवृत्त्यांत) घड्याळाचा कपॅसिटर गळून बोर्ड खातो. तो काढून टाकला तरी कन्सोल चालते, फक्त वेळ विसरते. चिप जाते ती नकलांमध्ये: बोर्डावर काळ्या लाखेचा गोळा असेल आणि ५ व्होल्ट पोचूनही काही होत नसेल, तर तिथे करण्यासारखं काही नाही. तेव्हाही भंगारात नको, इंदूरच्या कचरागाडीत ई-कचऱ्याला वेगळा कप्पा आहे.

मेसेजमध्ये नसलेलं एक. बऱ्याच नव्या टीव्हींना ३.५ मिलिमीटरचं एव्ही छिद्र असतं आणि त्याच्या केबलींची जोडणी एकसारखी नसते. चित्र नाही आणि स्पीकरमधून घरघर येतेय, तर कन्सोल उघडण्याआधी पिवळी पिन लाल सॉकेटात घालून बघा.